नजराणा आणि दान

सत्कार समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेत तळाशी हल्ली एक ओळ हमखास छापलेली असते : बुके नको, बुक आणा. शाल आणि श्रीफळाच्या जोडीला ग्रंथ देण्याची रीत मराठी माणसाला नवी नाही. भेलच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या भोपाळच्या सोनागिरीसारख्या वस्तीत मराठी घरांचा रोजचा व्यवहार घराबाहेर हिंदीत आणि उंबऱ्याच्या आत मराठीत चालतो. तिथे निरोप समारंभात दिलेलं मराठी पुस्तक भाषा राखण्याचंही थोडंफार काम करतं. पण प्रमुख पाहुणा आमदार किंवा मंत्री असला की त्या पुस्तकाची वाट ठरलेली असते. फोटो निघेपर्यंत ते देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा चार हातांत राहतं, मग स्वीय सहायकाकडे जातं आणि तिथून गाडीच्या मागच्या सीटवर. पुढे कधी ते रद्दीवाल्याकडे आलंच तर ओळखायला सोपं असतं. पानं करकरीत, कणा एकदाही न मोडलेला, आणि पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत ‘मा. अमुक यांस सविनय सादर’, खाली झोकदार सही आणि तारीख. या एका पानाविषयी माझं म्हणणं असं आहे, की सत्तेवर बसलेल्या माणसाला दिलेलं पुस्तक बहुधा नजराणा ठरतं, आणि नजराणा स्वीकारायचा असतो, वाचायचा नसतो. पुस्तक राज्यकर्त्यापर्यंत खरोखर पोचतं ते त्याच्याकडे परतफेडीला काहीच नसतं तेव्हा : सत्ता यायच्या आधी, किंवा गेल्यानंतर.

दिलेल्या वस्तूवर नाव घालण्याची हौस पुस्तकापेक्षा फार जुनी आहे. त्याचा पुरावा सोनागिरीहून तास-सव्वा तासाच्या वाटेवर उभा आहे. सांचीच्या स्तूपाभोवतीचे दगडी कठडे आणि फरशा यांवर ब्राह्मी लिपीतले शेकडो छोटे लेख आहेत. एकेक लेख एखाद्या ओळीचा. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपकडे कॅप्टन एडवर्ड स्मिथने त्यांचे ठसे पाठवले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की यातले बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांवर संपतात आणि त्यांच्या आधी पुष्कळदा तेच एक अक्षर येतं. देवळात लोक काय कोरतील, असा त्याने विचार केला आणि कोडं सुटलं. शेवटची दोन अक्षरं ‘दानं’, आणि त्याआधीचा ‘स’ म्हणजे आपला ‘चं’ : अमक्याचं दान. हे १८३७ सालचं, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षीचं. एक अख्खी विसरलेली लिपी पुन्हा वाचता आली ती कुणा राजाच्या प्रशस्तीमुळे नव्हे. ती भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ आणि विणकर यांनी दिलेल्या दगडांवरच्या नावांमुळे. या लेखांची ठेवण बघण्यासारखी आहे. देणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, कधी त्याचा धंदा, एवढंच त्यांत असतं. घेणाऱ्याचं नाव नसतं. दगड कठड्यात बसला की तो प्रदक्षिणा घालणाऱ्या सगळ्यांचा झाला.

याच सांचीत दुसऱ्या जातीचा लेखही सापडतो, फक्त तो दगडावर नसून छापील पानावर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांची भोपाळ संस्थानात होती. जॉन मार्शलचं तिथलं काम, तिथलं संग्रहालय, तो जिथे राहून लिहीत असे ते अतिथिगृह, इतकंच काय त्याच्या ग्रंथांची छपाई, या सगळ्याला सुलतान जहाँ बेगम यांनी पैसा पुरवला. मार्शलने सांचीवरचे आपले महत्त्वाचे खंड त्यांनाच अर्पण केले. यात गैर काही नाही. ती कृतज्ञतेची रोख पावती आहे. पण कठड्यावरच्या लेखाशी ताडून पाहिलं तर दिशा उलटलेली दिसते. तिथे देणारा स्वतःचं नाव सांगून बाजूला होतो, इथे घेणाऱ्याचं नाव मोठ्या टायपात येतं. मराठीतही हा फरक एकेका शब्दात सापडतो. ‘सप्रेम भेट’ बरोबरीच्या माणसाला देतात, ‘सस्नेह’ धाकट्याला किंवा मित्राला, आणि ‘सविनय सादर’ वरच्याला. ‘सादर’ लिहिणारा पुस्तक देताना किंचित वाकलेला असतो. त्या वाकण्यात मजकूर कुठेतरी हरवतो, कारण वाकलेल्या माणसाने दिलेली वस्तू उघडून बघण्याची दरबारी रीतच नाही.

आता इंग्रजी कादंबरीच्या भरभराटीच्या काळातलं एक उदाहरण घेऊ. ते माझ्या म्हणण्याला सहजासहजी जुळत नाही, म्हणूनच ते तपासायला हवं. चार्ल्स डिकन्सने १८५९ साली फ्रेंच राज्यक्रांतीवरची आपली ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही कादंबरी लॉर्ड जॉन रसेल या मुत्सद्द्याला अर्पण केली. रसेल आधी पंतप्रधान राहून गेलेला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून पुन्हा सत्तेत आलेला. वरवर पाहता हा चोख नजराणा आहे. पण या दोघांची गाठ पडली ती फार आधी, आणि फार वेगळ्या ठिकाणी. १८३५ साली रसेल डेव्हनमधून पोटनिवडणूक लढवत होता आणि तेवीस वर्षांचा डिकन्स वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून एक्सेटरच्या किल्ल्याच्या आवारात त्याचं भाषण उतरवून घेत होता. भोवती हाणामारी चाललेली, वरून मुसळधार पाऊस. दोन भल्या सहकाऱ्यांनी त्याच्या वहीवर हातरुमाल धरला होता, ही आठवण डिकन्सने स्वतःच तीस वर्षांनी एका भाषणात सांगितली. ती निवडणूक रसेल हरला. तेव्हा १८५९ची छापील अर्पणपत्रिका मंत्र्याला उद्देशून असली, तरी तिच्या मुळाशी भिजलेली वही आणि पडलेला उमेदवार आहे. माझ्या विधानाला यामुळे मुरड घालावी लागते, आणि ती मी घालतो : सत्ताधाऱ्याला दिलेलं प्रत्येक पुस्तक नजराणा नसतं. मात्र ते तसं नसेल, तर त्याचं कारण सत्तेच्या बाहेरच्या एखाद्या दिवसात शोधावं लागतं.

मराठीतली सर्वांत मोलाची ग्रंथभेट अशाच एका बाहेरच्या दिवसाची आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले शिक्षक आणि ग्रंथकार. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने निघणाऱ्या ग्रंथमालेसाठी त्यांनी गौतम बुद्धाचं चरित्र लिहिलं, ते १८९८ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे पुस्तक व्हिक्टोरियाच्याच राजवटीतलं. कादंबरी नसली तरी घर, आप्त, अस्वस्थता आणि गृहत्याग अशा क्रमाने एका माणसाची वाढ सांगणारी ही गोष्ट त्या काळच्या कादंबरीच्या फार लांब नाही. या पुस्तकाची एक प्रत केळुसकरांनी भीमराव आंबेडकर या शाळकरी मुलाला दिली. प्रसंग त्याच्या सत्काराचा होता. त्या मुलाचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी समारंभाला आधी साफ नकार दिला होता : परीक्षाच तर पास झालाय, सभा भरवलीत तर पोराच्या डोक्यात वारं शिरेल. समारंभवाल्यांनी केळुसकरांना मध्ये घातलं, थोडी वादावादी झाली, आणि सुभेदारांनी मान तुकवली. त्या दिवशी देणाऱ्याला घेणाऱ्याकडून मिळण्यासारखं काय होतं? मुलाकडे मत नव्हतं, पद नव्हतं, आणि तो ज्या समाजातून आला त्याला सार्वजनिक पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती. पुस्तक वाचणं, एवढी एकच परतफेड त्याला शक्य होती.

आणि ती त्याने केली. १९५६ साली ‘द बुद्धा अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ही सगळी हकीकत सांगितली आहे. पुस्तक वाचून मुलगा हलला, आणि त्याने वडिलांना जाब विचारला की आपल्या घरात रामायण-महाभारताचे पाठ होतात, पण बुद्धाचं काही वाचायला का मिळालं नाही? वडिलांचं उत्तर होतं की आपण अस्पृश्य, न्यूनगंड यायचा धोका आहे, म्हणून द्रोण-कर्णांसारखी लहान घरची माणसं केवढी मोठी झाली ते वाचावं. मुलाचं समाधान झालं नाही. हा संवाद मला ग्रंथभेटीची खरी कसोटी वाटतो. दिलेलं पुस्तक लागू पडलं की घरात वाद होतो. फुलदाणीसारखं ते मुकाट फडताळात बसत नाही. याच हकीकतीत एक गोम आहे. धनंजय कीरांच्या चरित्रात हा सत्कार १९०७च्या मॅट्रिकनंतरचा आहे आणि अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले आहेत. बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणीत तो इंग्रजी चौथी पास झाल्यानंतरचा आहे, म्हणजे तीनेक वर्षं आधीचा, आणि अध्यक्ष खुद्द केळुसकर. चरित्रकार एक सांगतो आणि चरित्रनायक दुसरं. अशा ठिकाणी पहिल्या पानावरच्या सही-तारखेची किंमत कळते. तिला ग्रंथसंग्राहकांची चैन म्हणून हसण्यात अर्थ नाही. पुस्तकातली हजारो छापील वाक्यं जे सांगू शकत नाहीत ते ती एक ओळ सांगते : हे पुस्तक कधी, कुणाच्या हातून, कुणाच्या हाती गेलं.

सत्तेबाहेरच्या वाचनाचं हे एकटंदुकटं उदाहरण असतं तर मी त्यावर सिद्धान्त उभारला नसता. पण ज्या ज्या राजकारणी माणसांच्या हातात पडलेलं पुस्तक खरोखर वाचलं गेलं, त्यांची खुर्ची त्या वेळी बहुतेक रिकामी सापडते. टिळकांना मॅक्स म्युलरने आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पाठवली ती १८९७च्या राजद्रोहाच्या शिक्षेत ते तुरुंगात असताना. गांधींच्या हाती रस्किनचं ‘अनटू धिस लास्ट’ हेन्री पोलाकने ठेवलं ते १९०४ साली जोहान्सबर्गच्या स्टेशनावर. डरबानला पोचेपर्यंत रात्रभर झोप नाही, आणि त्यातूनच फिनिक्सचा आश्रम आणि पुढे ‘सर्वोदय’ हा शब्द. तेव्हा ते कुणाचेही राज्यकर्ते नव्हते. इंग्लंडात ग्लॅडस्टनने मिसेस हम्फ्री वॉर्ड यांची ‘रॉबर्ट एल्समीअर’ ही कादंबरी वाचून तिच्यावर भलामोठा लेख लिहिला तो १८८८ साली, म्हणजे मंत्रिमंडळ पडल्यानंतर आणि पुन्हा पंतप्रधान होण्याच्या आधी. त्याचा प्रतिस्पर्धी डिझरायली तर स्वतःच कादंबरीकार, पण ‘लोथेअर’ आणि ‘एन्डिमिअन’ दोन्ही त्याने प्रसिद्ध केल्या त्या सत्ता गेलेल्या काळात. लेखकांनी पाठवलेल्या पुस्तकांची पोच देताना तो लिहीत असे म्हणून एक वाक्य सांगतात : आपलं पुस्तक वाचण्यात मी मुळीच वेळ दवडणार नाही. दोन्ही अर्थ खरे ठरतील अशी ही कोटी त्याची असो वा नसो, पदावरच्या माणसाने ती करावी हे मात्र अगदी साहजिक आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही सगळी मागाहून सुचलेली शहाणीव आहे. बक्षीस समारंभात पुस्तकं मिळालेली मुलं लाखोंनी असतील. त्यांतला एक आंबेडकर झाला म्हणून पुस्तकाचं माहात्म्य सिद्ध होतं का? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवलंय. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, घरातल्या वाचनाची पार्श्वभूमी होती, म्हणून तुलना करता आली, असं ते लिहितात. म्हणजे केळुसकरांच्या पुस्तकाने आंबेडकर घडवला असा दावा करण्याचं कारण नाही. महू छावणीतल्या लष्करी शाळेत शिकवलेले वडील, कर्ज काढून मुलाला पुस्तकं पुरवण्याची त्यांची जिद्द, कबीरपंथी घर, आणि पावलोपावली बसलेले अपमान, हे सगळं आधीच तिथे होतं. पुस्तकाने एक प्रश्न दिला. आणि त्या प्रश्नापासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेपर्यंतचा रस्ता अर्धशतकाचा आहे. लाखांतल्या बाकीच्या पुस्तकांचं काय झालं, हेही माझ्या विधानाला बाधक नाही. बी सगळंच उगवत नाही. पण ते फरशीवर टाकायचं की मातीत, एवढा निवाडा पेरणाऱ्याच्या हातात असतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘दान’ या शब्दाची आपल्याकडे एक बोचरी बाजू आहे. दान वरून खाली येतं, देणारा उंच होतो, घेणाऱ्याचा हात खाली राहतो. मग नजराण्यातला वाकलेला पाठीचा कणा टाळून आपण फक्त माणसांच्या जागा बदलल्या, असं होत नाही का? केळुसकर मोठे, मुलगा लहान. शिवाय पुढे सयाजीरावांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यातही केळुसकरांचा हात होता. तेव्हा ही परोपकारी वडीलधाऱ्याची कृपाच म्हणायची. इथे मला सांचीचा ‘दानं’ उपयोगी पडतो, कारण तो कृपेचा शब्द नाही. तिथल्या विणकराने कुणा गरजू माणसाला काही दिलं नाही. त्याने सगळ्यांच्या वाटेवरच्या कठड्यात एक दगड बसवला. केळुसकरांनीही मुलाच्या हाती पैसा किंवा कापड दिलं नाही. आपल्याच लेखणीचं काम दिलं, जे मुलाला पटलं नसतं तर त्याने खुशाल खोडून काढावं. पुस्तक हीच एक भेट अशी आहे जिच्याशी घेणारा भांडू शकतो. ज्या देणगीशी वाद घालता येतो ती घेणाऱ्याला लहान करत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पुस्तकाची सर्वांत जास्त गरज तर कायदे करणाऱ्यालाच. त्याला देणं सोडायचं आणि वाट बघत बसायचं, हे कसं? अहवाल, निवेदनं, आकडेवारी त्याला जरूर द्यावी. ती वाचणं त्याचं कामच आहे. पण कादंबरी किंवा चरित्र ही वेगळी चीज आहे. ते काही मागत नाही, उपाय सुचवत नाही, एका घरात नेऊन बसवतं आणि तिथे तीनशे पानं थांबायला लावतं. ज्याची पुढची भेट दहा मिनिटांवर आहे त्याला हे थांबणं परवडत नाही. संमतिवयाचं बिल १८९१ साली मुलीचं वय दहावरून बारावर नेताना सभा आणि वर्तमानपत्रं दणाणत होती. त्याच सुमारास हरी नारायण आपटे ‘करमणूक’मधून यमू या मुलीच्या तोंडून तिच्या सासर-माहेरची गोष्ट सांगत होते, आणि त्या कादंबरीचं नाव होतं ‘पण लक्षात कोण घेतो?’ मुत्सद्द्याला द्यायच्या पुस्तकावर पहिल्या पानावर लिहायला याहून चोख ओळ मला सुचत नाही. कादंबरीने बिलाला मत दिलं नाही, भाषणही केलं नाही; पण बिलाची कलमं विस्मरणात गेल्यावर यमूचं घर वाचकांच्या मनात राहिलं. राज्यकर्त्यांच्या मनातही ते राहू शकतं. मात्र तेव्हा त्यांनी ते आधीच, राज्यकर्ते होण्यापूर्वी, वाचलेलं असावं लागतं.

म्हणून ‘बुके नको, बुक आणा’ ही सूचना मला मान्य आहे. पत्ता तेवढा बदलावा. मंत्र्याला हार घालावा, तो संध्याकाळी सुकेल आणि कुणाचं नुकसान होणार नाही. पुस्तक द्यायचं तर चौथी पास झालेल्या पोराला द्यावं, नाहीतर निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराला, ज्याच्या दारातल्या चपला निकालाच्या दुसऱ्या दिवशी कमी झालेल्या असतात. आणि पहिल्या पानावर नाव, गाव, तारीख स्पष्ट अक्षरात लिहावी. परतफेडीची वाट बघू नये, पण ती येतच नाही असंही नाही. केळुसकर १९३४ साली वारले. त्यानंतर बावीस वर्षांनी त्या मुलाने आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांचं आणि त्यांच्या पुस्तकाचं नाव घेऊन सांगितलं की बुद्धाविषयीच्या आपल्या ओढीचा उगम इथे आहे. हा घेणाऱ्याने देणाऱ्याला उद्देशून लिहिलेला मजकूर. तोही लगेच वाचकांच्या हाती आला नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, १९५७ साली ग्रंथ निघाला तो या प्रस्तावनेवाचून, आणि ती पुढे बऱ्याच वर्षांनी छापली गेली. भेटीवरच्या ओळीला वाट बघायची सवय असते. सांचीच्या कठड्यावरची दोन अक्षरं तर पुन्हा कुणी वाचीपर्यंत कित्येक शतकं थांबली होती.